समाजकार्य : सिद्धांत आणि व्यवहार

अडचणीत सापडलेल्या व्यक्तीला, कुटुंबाला, गटाला अथवा समुदायाला आपल्या जीवनाची सूत्रे शक्य तितकी स्वतःच्या हाती घेता यावीत आणि ज्या सामाजिक परिस्थितीतून ती अडचण उद्भवते ती परिस्थितीही पालटावी, या हेतूने शास्त्रीय ज्ञान, अभ्याससिद्ध कौशल्ये व मान्य मूल्ये यांच्या आधारे केल्या जाणाऱ्या व्यावसायिक कार्यास समाजकार्य असे म्हणतात. दानधर्म, समाजसेवा, समाजसुधारणा व समाजकल्याण या संज्ञा व्यवहारात पुष्कळदा समानार्थी वापरल्या जातात. तथापि त्यांत भेद आहे. दानधर्मात देणाऱ्याची करुणा वा धर्मश्रद्धा प्रधान असते. समाजसेवा ही स्वेच्छेने केलेली सेवा होय. समाजसुधारणेचा रोख रूढी व सामाजिक संस्था यांच्या परिवर्तनाकडे असतो, तर समाजकल्याण म्हणजे शासनाने व संस्थांनी उभारलेली सेवांची व्यवस्था. समाजकार्याचा या सर्वांशी संबंध आहे. मात्र आपण काय करतो एवढेच नव्हे, तर ते का करतो आणि त्याचा परिणाम काय होतो, याचे उत्तर देण्याची जबाबदारी समाजकार्यकर्त्यावर असते. या ‘का’चे सुसंगत उत्तर म्हणजेच समाजकार्याचा सिद्धांत. त्यामुळे पदव्युत्तर अभ्यासक्रमात सिद्धांत व क्षेत्रकार्य ही दोन अंगे प्रारंभापासूनच बरोबरीने शिकविली जातात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : व्यावसायिक समाजकार्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड व अमेरिका या देशांतील औद्योगिक नगरांत झाला. १८६९ मध्ये लंडन येथे धर्मादाय संघटन संस्था स्थापन झाली आणि १८७७ मध्ये अमेरिकेतील बफालो येथे तिच्या धर्तीवर काम सुरू झाले. एकाच कुटुंबाला अनेक संस्थांकडून मदत मिळावी व दुसरे उपाशी राहावे, हा प्रकार थांबविण्यासाठी या संस्थांचे स्वयंसेवक घरोघर जाऊन चौकशी करीत व नोंदी ठेवीत. व्यक्तिसहाय्य कार्य या पद्धतीचे मूळ या नोंदींत आहे. तथापि ‘पात्र’ व ‘अपात्र’ गरीब असा भेद करण्याची तत्कालीन वृत्तीही तीत मुरलेली होती.

दुसरा प्रवाह वसाहतगृहांचा होय. सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याच्या पुढाकाराने १८८४ मध्ये पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल आणि जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांच्या प्रयत्नाने १८८९ मध्ये शिकागो येथे हल हाउस स्थापन झाले. सुशिक्षितांनी गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहावे, तेथील जीवनाचा अभ्यास करावा आणि त्यातून कायदे व नागरी सुविधा यांत सुधारणा घडवून आणावी, अशी ही कल्पना होती. हल हाउसमध्ये राहणाऱ्या फ्लॉरेन्स केली १८९३ मध्ये इलिनॉय राज्याच्या मुख्य कारखाना निरीक्षक झाल्या. पहिल्या प्रवाहाने अडचणीचे कारण मुख्यतः व्यक्तीत व तिच्या कुटुंबात शोधले. दुसऱ्याने ते परिस्थितीत शोधले. समाजकार्याच्या सिद्धांतातील बहुतेक वाद याच भेदातून निर्माण झाले आहेत.

१८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्यकर्त्यांसाठी उन्हाळी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला व पुढील वर्षी ॲम्स्टरडॅम येथे समाजकार्याच्या शिक्षणाची संस्था निघाली. बर्लिनमध्ये १९०८ साली ॲलिस सॉलोमन यांनी महिलांसाठी असे विद्यालय काढले. १९१५ मध्ये ॲब्राहम फ्लेक्सनर यांनी बॉल्टिमोर येथील परिषदेत, समाजकार्य हा व्यवसाय आहे काय, असा प्रश्न उपस्थित करून त्याचे उत्तर नकारार्थी दिले. समाजकार्यकर्ता इतर व्यवसायांमध्ये दुवा साधतो. त्याला स्वतःचे वेगळे व शिकविता येण्याजोगे तंत्र नाही, असा त्यांचा आक्षेप होता. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरी रिचमंड यांच्या सोशल डायग्नोसिस या ग्रंथामुळे या आक्षेपाला एक उत्तर मिळाले. व्यक्ती, कुटुंबीय, शेजारी, शाळा, मालक व शासकीय कागदपत्रे यांपासून मिळणारा पुरावा कसा गोळा करावा, त्याची विश्वसनीयता कशी पारखावी आणि घाईने निष्कर्ष कसा काढू नये, याचे विवेचन त्यांनी केले. अशा रीतीने समाजकार्याला तंत्र मिळाले. परंतु त्याचबरोबर त्याचा कल व्यक्तीकडे अधिक झुकला.

सिद्धांतांचे स्वरूप : समाजकार्याचे सिद्धांत सामान्यतः दोन प्रकारचे मानले जातात. मानवी वर्तन व समाजरचना यांचे स्पष्टीकरण देणारे सिद्धांत मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र इ. शास्त्रांकडून घेतलेले असतात. तर प्रत्यक्ष हस्तक्षेप कसा करावा हे सांगणारे व्यवहार-सिद्धांत या व्यवसायात घडलेले आहेत. त्यांतील फरक एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. परगावाहून मुंबईत आलेला एक बांधकाम मजूर क्षयरोगावरील औषधोपचार दोन महिन्यांनी सोडून देतो. रुग्णालयाच्या नोंदीत त्याच्या नावापुढे ‘असहकारी’ असा शेरा पडतो आणि प्रकरण रुग्णालयातील समाजकार्यकर्त्याकडे येते.

मनोसामाजिक दृष्टिकोनानुसार समाजकार्यकर्ता रुग्णाच्या मनातील भय, आजाराविषयीची लाज, कुटुंबातील संबंध व पूर्वानुभव यांचा शोध घेईल. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा प्रभाव असलेल्या या दृष्टिकोनाची पद्धतशीर मांडणी गॉर्डन हॅमिल्टन व पुढे फ्लॉरेन्स हॉलिस यांनी केली. ऑटो रँक यांच्या विचारांवर आधारलेल्या कार्यवादी संप्रदायाने रुग्णाच्या इच्छाशक्तीवर भर दिला. संस्थेचे कार्य व तिने दिलेला कालावधी यांच्या मर्यादेत सेवार्थी मदतीचा उपयोग कसा करून घेतो, हे या संप्रदायाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. जेसी टॅफ्ट व व्हर्जिनिया रॉबिन्सन या त्याच्या प्रमुख प्रवर्तक होत. हेलन हॅरिस पर्लमन यांनी १९५७ मध्ये समस्या-निराकरणाचा दृष्टिकोन मांडला. व्यक्ती, समस्या, स्थळ व प्रक्रिया हे त्याचे चार घटक असून समस्येचे हाताळता येतील असे भाग पाडून रुग्णासह त्यांवर विचार करणे हे त्यात अभिप्रेत आहे. विल्यम रीड व लॉरा एप्स्टाइन यांनी १९७२ मध्ये पुरस्कारलेल्या कार्यकेंद्री दृष्टिकोनात थोड्या मुदतीची व दोघांनी मिळून ठरविलेली कामे निश्चित केली जातात, उदा., पुढील आठवड्यात कोणत्या दिवशी, कोणाबरोबर औषध घ्यावयास यावयाचे.

व्यवस्था-सिद्धांताचा उपयोग करणाऱ्या ॲलन पिंकस व ॲन मिनाहन यांनी १९७३ मध्ये परिवर्तक, सेवार्थी, लक्ष्य व कृती अशा चार व्यवस्था कल्पिल्या. त्यांच्या मांडणीतील मर्म असे, की मदत मागणारा आणि ज्याच्यात बदल व्हावयास हवा तो एकच असेल असे नाही. वरील उदाहरणात रुग्ण हा सेवार्थी खरा. परंतु बदलाचे लक्ष्य मजुराची दिवसाची मजुरी बुडविणारा कंत्राटदार असू शकेल किंवा मजूर कामावर असतानाच्याच वेळेत औषधे देणारे रुग्णालयही असू शकेल. कॅरल जर्मेन व ॲलेक्स गिटरमन यांनी १९८० मध्ये मांडलेले जीवन-प्रतिमान व्यक्ती व परिसर यांच्या परस्परानुकूलतेचा विचार करते. संरचनात्मक व मूलगामी समाजकार्याचे पुरस्कर्ते यापुढे जाऊन विचारतात, की दमट व अंधाऱ्या खोल्यांत दाटीने राहणारे असंघटित मजूर पुन्हापुन्हा आजारी पडत असतील, तर प्रत्येकाच्या मनाचे समाधान करीत बसणे हा उपाय की अन्यायाशी केलेली तडजोड? सत्तरीच्या दशकातील ब्रिटिश समाजकार्यात या विचाराने मूळ धरले. पाउलो फ्रेअरे या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञांनी मांडलेल्या जाणीवजागृतीच्या कल्पनेचाही समाजकार्यावर, विशेषतः लॅटिन अमेरिका व आशिया यांत, मोठा परिणाम झाला.

यावरून दिसून येईल, की सिद्धांताची निवड ही केवळ वर्गातील चर्चेची बाब नाही. बरे वाटू लागताच औषध सोडण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते व अपुऱ्या उपचाराने जंतू औषधांना दाद देईनासे होतात; म्हणून हे प्रकरण तातडीचे असते. ‘असहकारी’ हा शेरा हाही एक सिद्धांतच आहे, फक्त तो न तपासलेला आहे. त्यावर विसंबल्यास रुग्णाला उपदेश मिळेल. त्याची तपासणी केल्यास कदाचित औषध देण्याची वेळ बदलेल. सिद्धांत न मानणारा कार्यकर्ता सिद्धांताविना काम करीत नाही, तर आपल्या वर्गाचे, जातीचे व काळाचे ग्रह हाच सिद्धांत समजून काम करतो. हे ग्रह उघड करून तपासावयास लावणे, हे पदव्युत्तर शिक्षणाचे पहिले प्रयोजन होय.

पद्धती : समाजकार्याच्या सहा पद्धती परंपरेने मानल्या जातात. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य व समुदाय संघटन या प्राथमिक, तर समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन व सामाजिक कृती या दुय्यम वा साहाय्यक पद्धती होत. गटकार्याचा विकास क्रीडागृहे, युवक संघटना व वसाहतगृहे यांतून झाला. ग्रेस कॉइल यांनी त्याला सैद्धांतिक बैठक दिली. समुदाय संघटनाला अमेरिकेत १९३९ च्या लेन अहवालाने स्वतंत्र पद्धतीचे स्थान मिळाले. जॅक रॉथमन यांनी १९६८ मध्ये त्याची स्थानिक विकास, सामाजिक नियोजन व सामाजिक कृती अशी तीन प्रतिमाने सांगितली. सहमतीने होणारे काम, तज्ज्ञांनी आखलेले काम आणि संघर्षातून होणारे काम असा त्यांतील भेद थोडक्यात सांगता येईल. पद्धतींची ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची असून सत्तरीच्या दशकापासून सर्व पद्धतींचा एकत्रित विचार करण्याकडे कल वाढला आहे.

मूल्ये व तत्त्वे : फीलिक्स बिएस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्यातील संबंधाची सात तत्त्वे सांगितली. प्रत्येक व्यक्तीचे वेगळेपण मानणे, भावनांच्या सहेतुक प्रकटीकरणास वाव देणे, भावनिक सहभाग नियंत्रित ठेवणे, व्यक्तीचा आहे तशी स्वीकार करणे, दोषारोप न करणे, तिचा स्वयंनिर्णयाचा अधिकार मानणे आणि गोपनीयता राखणे, ही ती तत्त्वे होत. ती पाठ करण्यास सोपी, परंतु आचरणास कठीण आहेत. कारण समाजकार्यकर्त्याच्या हाती सत्ताही असते. त्याच्या अहवालावर मुलाचा ताबा, कैद्याची सुटका वा कुटुंबाचे अनुदान अवलंबून असू शकते. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी व विविधतेचा आदर ही तत्त्वे समाजकार्याच्या केंद्रस्थानी ठेवली आहेत, तसेच स्थानिक समाजांच्या परंपरागत ज्ञानालाही सिद्धांताचा आधार म्हणून मान्यता दिली आहे.

मदत व नियंत्रण यांतील ताण मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ या कायद्याच्या उदाहरणावरून ध्यानात येतो. भीक मागताना आढळलेल्या व्यक्तीस अधिपत्राशिवाय पकडून, न्यायालयाच्या आदेशाने एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवण्याची तरतूद त्यात करण्यात आली व परिवीक्षा अधिकाऱ्याच्या चौकशीला त्या प्रक्रियेत स्थान देण्यात आले. दारिद्र्य हा वर्तनातील दोष आहे, हे गृहीतक त्यामागे होते. हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या अनेक तरतुदी तेथपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. कायद्याच्या यंत्रणेत नेमलेल्या समाजकार्यकर्त्याने कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न अशा प्रसंगी टाळता येत नाही.

भारतातील विकास : भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, समाजसुधारणा व सेवा यांची परंपरा व्यावसायिक समाजकार्याहून जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले यांचा सत्यशोधक समाज (१८७३), पंडिता रमाबाईंचे शारदा सदन (१८८९), गोपाळ कृष्ण गोखले यांची भारत सेवक समाज ही संस्था (१९०५), विठ्ठल रामजी शिंदे यांचे निराश्रित साहाय्यकारी मंडळ (१९०६) आणि ना. म. जोशी यांची सोशल सर्व्हिस लीग (१९११) ही तिची काही उदाहरणे होत. व्यावसायिक शिक्षणाचा प्रारंभ मात्र वसाहतगृहाच्या कल्पनेतून झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईतील नागपाडा या दाट कामगार वस्तीत शेजारगृह चालविले. त्यांच्या पुढाकाराने व सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालय तेथे सुरू झाले. भारतातील समाजकार्याचे हे पहिले विद्यालय होय. पुढे त्याचे टाटा समाजविज्ञान संस्था असे नामांतर झाले. १९५४ मध्ये संस्था देवनार येथे गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्वातंत्र्याच्या आगेमागे दिल्ली, वाराणसी व बडोदे येथे अशा शिक्षणाची सोय झाली. मुंबईत निर्मला निकेतन (१९५५) व पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) यांची भर पडली.

या शिक्षणाला नोकरीची क्षेत्रे हळूहळू मिळत गेली. कारखाने अधिनियम, १९४८ ने ५०० वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकाऱ्याची नेमणूक बंधनकारक केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाने व १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने नवी कार्यक्षेत्रे खुली केली. रुग्णालये, मनोरुग्णालये, शाळा, बालगृहे व स्वयंसेवी संस्था ही इतर क्षेत्रे होत.

विद्यापीठाच्या क्षेत्रकार्यातून उभ्या राहिलेल्या काही प्रकल्पांनी सिद्धांतालाही वळण दिले. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारातच समाजकार्यकर्ती बसू लागल्याने, घरातील मारहाण ही खाजगी बाब आहे, या समजुतीला यंत्रणेच्या आतून आव्हान मिळाले. पुढे महाराष्ट्र शासनाने हा उपक्रम राज्यात अन्यत्रही नेला. याच संस्थेतून १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या, मुलांसाठीच्या १०९८ या दूरध्वनिसेवेचा विस्तार पुढे देशभर झाला.

क्षेत्रकार्य : पदव्युत्तर अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असून आठवड्यातील सुमारे दोन दिवस विद्यार्थ्याला एखाद्या संस्थेत वा वस्तीत काम करावे लागते. त्याने लिहिलेल्या सविस्तर वृत्तांताची पर्यवेक्षकाबरोबर नियमित चर्चा होते. या वृत्तांतात सेवार्थी काय म्हणाला याबरोबरच विद्यार्थी काय म्हणाला, कोठे गप्प राहिला व का, याचीही नोंद अपेक्षित असते. वैद्यकीय विद्यार्थी ज्याप्रमाणे रुग्णशय्येपाशी शिकतो, त्याप्रमाणे समाजकार्याचा विद्यार्थी या चर्चेत शिकतो. फरक एवढाच, की येथे तपासणीचा विषय काही अंशी तो स्वतः असतो. क्षेत्रकार्याची हजेरी भरली, परंतु पर्यवेक्षण झाले नाही, तर सिद्धांत पुस्तकात राहतो व व्यवहार सवयीच्या वळणाने जातो. महाविद्यालयांची संख्या वाढल्यावर अनेक ठिकाणी हे अंग दुबळे राहिले, हे मान्य करावयास हवे.

मर्यादा व टीका : जोएल फिशर यांनी १९७३ मध्ये उपलब्ध नियंत्रित अभ्यासांचा आढावा घेऊन, व्यक्तिसहाय्य कार्याच्या परिणामकारकतेचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर पुराव्यावर आधारित व्यवहाराचा आग्रह वाढला. भारतात मुख्य टीका वेगळी आहे. व्यक्तीला केंद्र मानणारे पाश्चात्त्य सिद्धांत जात, विस्तारित कुटुंब व सामूहिक दारिद्र्य यांच्या संदर्भात अपुरे पडतात, असे अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालील महाड सत्याग्रह (१९२७) हा पाण्याच्या हक्कासाठी केलेल्या सामूहिक कृतीचा ठळक नमुना असूनही पाठ्यपुस्तकांतील सामाजिक कृतीची उदाहरणे दीर्घकाळ परकीयच राहिली. दलित व आदिवासी समाजांच्या अनुभवातून सिद्धांत रचण्याचे प्रयत्न अलीकडच्या दशकांत झाले आहेत.

भारतात डॉक्टर वा वकील यांच्यासाठी आहे तशी, सर्व समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी राष्ट्रीय वैधानिक परिषद स्थापन झालेली नाही. त्याचे परिणाम कायद्यांतही दिसतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने मनोविकार समाजकार्यकर्त्याची शैक्षणिक पात्रता निश्चित केली आहे. याउलट बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते असतात व त्यांतील किमान एक स्त्री असते. तथापि त्यांच्याकडे समाजकार्याची पदवी असण्याची अट नाही. १६ ते १८ वर्षे वयाच्या मुलाने घोर अपराध केल्याचा आरोप असल्यास त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा काय, याची प्राथमिक छाननी हे मंडळ करते. मुलाची कौटुंबिक पार्श्वभूमी सांगणारा सामाजिक तपासणी अहवाल त्याच्यापुढे येतो. त्या अहवालात ‘वाईट संगत’ एवढेच लिहिले जाते, की शाळा केव्हा व का सुटली, घरात कमावते कोण आणि मुलाला स्वतःला काय सांगावयाचे आहे हेही लिहिले जाते, यावर त्याच्या पुढील आयुष्याची दिशा अवलंबून राहू शकते. रिचमंड यांनी पुराव्याविषयी घालून दिलेली शिस्त आणि बिएस्टेक यांनी सांगितलेला व्यक्तीचा स्वीकार, या दोहोंची गरज येथे एकाच कागदावर भासते.